प्लायची कड

चिपळूणला 1999 साली वर्कशॉप थाटलं, तेव्हा पहिलं कामाचं टेबल साध्या कमर्शियल प्लायचं केलं आणि त्याला चपडीचं पॉलिश मारलं. दुसरं काही येतच नव्हतं. मिस्त्रींकडे चपडी रात्रभर स्पिरिटमध्ये भिजत ठेवायची, सकाळी कापसाचा गोळा मलमलीत बांधून हात मारायला बसायचं, एवढंच शिकलो होतो. उन्हाळ्यात टेबल आरशासारखं झालं. जुलैत पुन्हा एक हात मारला, तर पृष्ठभाग दुधासारखा पांढरा पडला. स्पिरिट उडताना फळी गार होते आणि ओलसर हवेतलं पाणी तिच्यावर धरतं, हे नंतर कळलं. गरम चहाच्या कपाचं वर्तुळ तर त्या टेबलावर कायमचंच उमटलं.

2004 मध्ये मी मेलामाइनकडे वळलो. हार्डनर मिसळला की डोळ्यांतून पाणी यायचं, पण वाळल्यावर थर काचेसारखा कडक. दिवाणखान्यातल्या शोकेसला ते शोभतं. जिथे रोज हातोडा आपटतो तिथे मात्र त्या काचेला बारीक तडे गेले, पाणी आत शिरलं आणि खाली काळे डाग धरले. चपडीचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. मेलामाइनचा होत नाही. सगळं घासून काढावं लागतं. आणि प्लायवरचं विनियर बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ! ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने मी ते दोन ठिकाणी आरपार घासलं, तेव्हा पुष्कळ हळहळलो.

त्याच सुमारास कपाटाची दोन दारं केली होती. बाहेरून तीन कोट, आतून कोरी, कारण आत कोण बघणार? श्रावणापर्यंत दोन्ही दारांचे कोपरे बाहेर आले, कडी बसेना. कोरी बाजू दमट हवा पिऊन फुगली होती. तेव्हापासून पाठपोट सारखेच कोट, हा माझ्याकडे नियम झाला.

26 जुलै 2005 चा पूर आला आणि पॉलिशबद्दलचं माझं सगळं गणित बदललं. वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर कमर्शियल प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटले होते. वरचं मेलामाइन जागच्या जागी चकाकत होतं. पाणी शिरलं होतं खालच्या कडेतून. कडेला एकाआड एक थरांचे लाकडी तंतू उघडे पडतात आणि ते नळ्यांसारखं पाणी ओढतात. तिथे मी एक कोटही दिला नव्हता. त्यानंतर आयएस 303 या भारतीय मानकातला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा प्लाय आणू लागलो. अर्थात उकळत्या पाण्यात टिकतो तो त्यातला डिंक. लाकूड पाणी पितंच, म्हणून कड बंद करणं सुटत नाही. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, थिनरने पातळ करून कडेला पाजायचं, वाळलं की पुन्हा, ती प्यायची थांबेपर्यंत. चार-पाच हात सहज लागतात. मग सगळ्या रॅकना पीयूचे दोन कोट दिले, पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे घातले.

22 जुलै 2021 ला पाणी पुन्हा आलं, या वेळी माझ्या छातीच्या वर. चिखल धुऊन रॅक सावलीत सुकवले. दोनांच्या पाठी गेल्या, बाकीचे आजही उभे आहेत.

कामाच्या टेबलाला मात्र आता फक्त डबल बॉइल्ड जवसाचं तेल लावतो. ओरखडा पडला तर तेवढीच जागा घासून पुसायची. सांडलेलं फेविकॉलही वाळल्यावर पटाशीने सहज निघतं. ड्रॉवरच्या आत तेल नको, बंद जागेत वास महिनोन्‌महिने राहतो. तिथे अजून चपडीच. तेलाचं फडकं चुरगाळून टाकलं तर वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते पाण्याच्या बादलीत जातं. यंदाही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टेबल उलटं करून आधी खालची बाजू पुसली, मग कडा, आणि वरची बाजू सगळ्यात शेवटी.