जुना ट्रॅक्टर, सिंगल क्लच व धानाची चिखलणी

भंडारा जिल्हा हा तलावांचा व धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. साकोली तालुक्यातील एकोडी व त्याच्या आसपासच्या गावांत बांधीत पाणी साचले की चिखलणी व तिच्यामागोमाग रोवणी उरकावी लागते. परे तयार असूनही चिखलणी लांबली, तर रोपे जून होतात, त्यांना फुटवे कमी येतात व उत्पन्न घटते. बैलजोड्या कमी झाल्यामुळे या घाईच्या दिवसांत ट्रॅक्टर हाच अनेकांचा आधार झाला आहे. नवा ट्रॅक्टर घेणे प्रत्येकास परवडत नाही. म्हणून पुष्कळ शेतकरी जुना ट्रॅक्टर विकत घेतात व त्यास रोटाव्हेटर जोडतात. असे करण्यास हरकत नाही. मात्र जुन्या ट्रॅक्टराची एक मर्यादा आधी समजून घेतली पाहिजे. न घेतल्यास धुरा फुटतो, यंत्र मोडते व प्रसंगी जीवही जातो.

एक क्लच, दोन कामे

ट्रॅक्टराच्या मागील बाजूस जो दातेरी दांडा असतो, त्यास पी.टी.ओ. म्हणतात. इंजिनाची शक्ती या दांड्यातून अवजारास मिळते. त्याचा प्रमाण वेग मिनिटास 540 फेरे हा होय. जुन्या अनेक ट्रॅक्टरांत चाके व पी.टी.ओ. या दोहोंना शक्ती एकाच क्लचमधून मिळते. यास सिंगल क्लच म्हणतात. अशा ट्रॅक्टराचा क्लच दाबला की चाकांबरोबर रोटाव्हेटराचाही पुरवठा तुटतो. डबल क्लचच्या ट्रॅक्टरात पायपट्टी अर्धी दाबली असता केवळ चाके थांबतात व अवजार फिरत राहते. पूर्ण दाबल्यावर दोन्ही थांबतात.

ही अडचण केवळ आपल्याकडील नाही. हिमप्रदेशांत शेतकरी जुन्या ट्रॅक्टराच्या मागे बर्फ उडविणारे यंत्र जोडतात व ट्रॅक्टर उलटा चालवून वाट मोकळी करतात. बर्फाचा ढीग लागला की ट्रॅक्टर थांबवावा लागतो. पण सिंगल क्लच असल्यास यंत्रही थांबते व त्याचे तोंड बर्फाने भरून जाते. ही उणीव दूर करणारी रचना कॅनडातील कॉकशट कंपनीने 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ट्रॅक्टरांत आणली. आपल्या बांधीत बर्फाच्या जागी चिखल असतो, एवढाच भेद. शिवाय आपल्या बांध्या लहान असल्यामुळे वळणे अधिक, व म्हणून क्लच दाबण्याचे प्रसंगही अधिक येतात.

धुऱ्याजवळचा धोका

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरात पी.टी.ओ. व चाके गिअरपेटीत एकमेकांशी जोडलेली राहतात. क्लच दाबल्याने इंजिन वेगळे होते. परंतु फिरते अवजार लगेच थांबत नाही. त्याचा जोर उलट दिशेने गिअरपेटीत व तेथून चाकांत जातो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. गवत कापणाऱ्या जड पात्यांच्या यंत्रात हा जोर फार मोठा असतो. रोटाव्हेटरात तो कमी असतो. तथापि रोटाव्हेटर चिखलातून वर उचलताच पाती मोकळी फिरू लागतात, व निसरड्या बांधीत ट्रॅक्टर हात-दोन हात पुढे सरकला तरी धुरा फुटण्यास किंवा खालच्या बांधीत चाक उतरण्यास तेवढे पुरते.

क्लच कसा ओळखावा

ट्रॅक्टर सपाट व मोकळ्या जागी उभा करावा. मागे अवजार जोडलेले नसावे व कोणीही उभे नसावे. पी.टी.ओ. सुरू करून सर्वांत हलक्या गिअरमध्ये ट्रॅक्टर सावकाश चालवावा व पायपट्टी अर्धी दाबावी. दुसऱ्या माणसाने बाजूस दूर उभे राहून दांडा पाहावा. चाके थांबली व दांडा फिरत राहिला, तर क्लच डबल; दोहोंचा पुरवठा एकदमच तुटला, तर क्लच सिंगल समजावा. जुना ट्रॅक्टर विकत घेण्यापूर्वीच ही परीक्षा करावी.

सिंगल क्लचवर काम कसे करावे

1. ट्रॅक्टराचा वेग गिअर बदलून ठरवावा, गॅस कमी करून नव्हे. गॅस कमी केल्यास पात्यांचाही वेग उतरतो व चिखल नीट होत नाही. आरंभी सर्वांत हलका गिअर घ्यावा.

2. रोटाव्हेटर ट्रॅक्टराच्या शक्तीस झेपेल एवढ्याच रुंदीचा असावा. जुन्या इंजिनाची शक्ती मूळ आकड्याहून कमी झालेली असते, हे ध्यानात ठेवावे.

3. धुरा येण्यापूर्वी पुरेसे अंतर राखून क्लच दाबावा व ब्रेक लावावा. पी.टी.ओ. बंद करावा, पाती थांबू द्यावी, मगच रोटाव्हेटर उचलून वळावे. पाती फिरत असता रोटाव्हेटर उंच उचलल्यास शाफ्टचे सांधे तुटतात.

4. पाती चिखलाने जड झाल्यास ट्रॅक्टर थांबवून गिअर मोकळा करावा, रोटाव्हेटर किंचित वर घ्यावा व क्लच हळू सोडावा. ट्रॅक्टर जागीच राहून पाती फिरतील व चिखल झडेल.

5. बर्फाचे यंत्र उलट चालण्यासाठीच बनविलेले असते. रोटाव्हेटर तसा नसतो. तो जमिनीस लागलेला असता ट्रॅक्टर कधीही मागे घेऊ नये. पी.टी.ओ. बंद करून व रोटाव्हेटर उचलूनच मागे यावे.

अवजाराचा उलट जोर चाकांत जाऊ नये यासाठी एकाच दिशेने शक्ती देणारा जोड मिळतो. बाजारात त्यास ओव्हररनिंग कपलर म्हणतात. तो बसविल्याने ट्रॅक्टर पुढे ढकलला जात नाही. मात्र क्लच दाबल्यावर अवजाराची शक्ती तुटते, हा दोष त्याने जात नाही. शिवाय तो बसविल्यावर शाफ्टाची लांबी पुन्हा तपासून घ्यावी; अन्यथा अवजार उचलताना शाफ्ट दाबला जाऊन गिअरपेटीस इजा होते.

उभ्या कामास जुना ट्रॅक्टर उत्तम

धान चुरण्याचे यंत्र किंवा पाण्याचा पंप चालविताना ट्रॅक्टर जागीच उभा असतो. तेथे सिंगल क्लचची अडचण फारशी येत नाही. हंगामानंतर पुंजण्याजवळ ट्रॅक्टर उभा करून गिअर मोकळा ठेवावा, हातब्रेक लावावा व चाकांना उटी द्यावी. काम संपल्यावर ढोल पूर्ण थांबेपर्यंत गिअर टाकू नये. मळणीयंत्रांवरील अपघात टाळण्यासाठी 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला आहे. यास्तव पेंढ्या घालण्याच्या तोंडाशी लांब व झाकलेली नळी असल्याखेरीज यंत्र चालवू नये.

शाफ्टाचे झाकण

मिनिटास 540 फेरे म्हणजे सेकंदास 9 फेरे होत. सहा सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट एका सेकंदात दीड मीटरहून अधिक कापड गुंडाळतो. दुपट्ट्याचे टोक, धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडला, तर हात मागे घेण्यासही अवसर मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरांवरील झाकण बहुधा हरवलेले असते. ते प्रथम बसवावे. फिरता शाफ्ट कोणीही ओलांडू नये. पात्यांत अडकलेले गवत काढण्यापूर्वी पी.टी.ओ. व इंजिन दोन्ही बंद करावीत, किल्ली काढून घ्यावी व उचललेल्या रोटाव्हेटराखाली ठोकळे द्यावेत. चालत्या ट्रॅक्टराच्या मडगार्डवर किंवा रोटाव्हेटरावर मुलांना बसू देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोवणीपूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक यांना एकत्र करून क्लचची ही परीक्षा करून दाखवावी, व कोणत्या ट्रॅक्टरावर झाकण नाही याची नोंद घ्यावी. अधिक माहितीसाठी साकोली येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. जुन्या ट्रॅक्टराचा क्लच ज्याने ओळखला, त्यास तो ट्रॅक्टर अनेक हंगाम चोख साथ देईल.