वन + वन + वन = जीवन

गणित म्हटले की कपाळाला आठ्या घालणारी कितीतरी मंडळी रविवारचे शब्दकोडे मात्र जेवण बाजूला ठेवून सोडवतात. अशा मंडळींपुढे वरची ओळ ठेवून पाहावी. वाचताना ती पर्यावरण दिनाच्या फलकावरची घोषणा वाटते. प्रत्यक्षात ती साधी बेरीज आहे आणि तंतोतंत बरोबर आहे.

या खेळाचे नियम चारच. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक. एका अक्षराला सगळीकडे तोच अंक. दोन वेगळ्या अक्षरांना एकच अंक चालत नाही. आणि कोणतीही संख्या शून्याने सुरू होत नाही. मराठीत काना-मात्रा-वेलांटीसह अक्षर एकच धरायचे, म्हणजे ‘जी’ हे एक अक्षर.

आता एककाच्या घरापासून सुरुवात करू. तीन ‘न’ मिळवले की शेवटी पुन्हा ‘न’च येतो. असे अंक दोनच, 0 आणि 5. समजा न = 5. तीन पाचे पंधरा, पाच लिहिले, हातचा आला एक. मग दशकाच्या घरात तीन ‘व’ आणि हातचा एक मिळून शेवटी ‘व’ यायला हवा. दोन्हीकडून एक ‘व’ काढला तर दोन ‘व’ अधिक एक, याच्या शेवटी शून्य पाहिजे. पण कोणत्याही अंकाची दुप्पट समच असते, तिच्यात एक मिळवला की विषम संख्या येते आणि विषम संख्येच्या शेवटी शून्य येत नाही. म्हणून 5 बाद, न = 0. आता तीन ‘व’च्या शेवटी ‘व’ यायचा तर व = 5, कारण शून्य ‘न’ने घेतलेच आहे. तीन पाचे पंधरा, हातचा एक, तोच ‘जी’. 50 + 50 + 50 = 150. दुसरे उत्तरच नाही.

अशा कोड्यांतले सर्वांत गाजलेले कोडे इंग्रजीतले आहे. ते रचले इंग्लंडच्या हेन्री ड्यूडनी यांनी. महाविद्यालयाची पायरी न चढलेला हा माणूस सरकारी कचेरीत कारकुनी करता करता कोडी रचत असे. शेरलॉक होम्सच्या कथा छापणाऱ्या ‘स्ट्रँड’ मासिकात जुलै 1924 मध्ये त्यांचे ‘सेंड + मोर = मनी’ प्रसिद्ध झाले. ‘आणखी पैसे पाठवा’ अशी ती मागणी, वसतिगृहातल्या कोणत्याही मुलाच्या पत्रात शोभणारी! इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे चार-चार अक्षरांचे दोन शब्द मिळवून पाच अक्षरांचा शब्द होतो. पुढे 1931 मध्ये बेल्जियमच्या ‘स्फिंक्स’ मासिकातून या प्रकाराला ‘क्रिप्टारिदम’ हे नाव मिळाले. अक्षरांतून अर्थपूर्ण शब्द बनत असतील तर ‘अल्फामेटिक’ म्हणावे, असे जे. ए. एच. हंटर यांनी 1955 मध्ये सुचवले.

ड्यूडनींच्या कोड्यात आठ वेगवेगळी अक्षरे आहेत. दहा अंक त्यांना वाटून द्यायचे तर 18 लाख 14 हजार 400 प्रकार होतात. संगणक ते सगळे क्षणात तपासतो, पण माणसाने तपासायचे म्हटले तर जन्म जाईल. मात्र दोन संख्यांच्या बेरजेत हातचा कधीही एकापेक्षा मोठा नसतो. त्यामुळे पाच अंकी उत्तराचा पहिला अंक, म्हणजे ‘एम’, 1 असलाच पाहिजे. एवढ्या एका विचाराने दहांतले नऊ भाग प्रकार बाद होतात. पुढे असेच छाटत गेले की उरते 9567 + 1085 = 10652.

शाळेत हातचा म्हणजे विसरला की गुण घालवणारी कटकट. इथे तोच वाटाड्या होतो. शाळेच्या वहीत चुकीच्या पायरीवर लाल फुली पडते; या कोड्यात ‘न = 5 धरले आणि ते जमत नाही’ हे दाखवणे म्हणजेच निम्मे उत्तर. चुकण्याच्या भीतीने पाटीवर काही लिहायलाच न धजणाऱ्या मुलाला ही मोकळीक फार मोलाची आहे. आईवडिलांनी मात्र उत्तर आधी सांगून टाकण्याचा मोह आवरावा. संगणक कंपन्यांच्या भरती-परीक्षांतही अशी कोडी विचारली जातात. तिथे मिनिटे मोजकी असतात. अंदाजाने आकडे भरत सुटलेला उमेदवार त्या एका प्रश्नात बाकीचे पाच गमावून बसतो.

सोडवण्यापेक्षा रचण्यात अधिक गंमत आहे. इंदूर-बडोद्याच्या, हैदराबादच्या मराठी घरांत, जिथे मुले शाळेत दुसऱ्याच भाषेत शिकतात, तिथे या निमित्ताने मराठी अक्षरेही हाताखालून जातील. ‘जन + जन + जन = भजन’ हे मुलांना घालून पाहावे. चलाख मूल लगेच ओळखेल की हे जुनेच कोडे नव्या कपड्यांत आले आहे. ‘मन + मन + मन = नमन’ हे शब्द किती सुरेख! पण जमत नाही. मघाच्याच हिशेबाने न = 0 येतो आणि ‘नमन’ तर ‘न’नेच सुरू होते.

तीनऐवजी चार ‘जन’ मिळवून ‘भजन’ करायचे ठरवले तर एकही उत्तर निघत नाही. पाच मिळवले तर तीन उत्तरे निघतात: जन म्हणजे 25, 50 किंवा 75, आणि भजन अनुक्रमे 125, 250 किंवा 375. मुरलेला कोडेकार असे कोडे बाजूला ठेवतो. त्याला उत्तर एकच लागते.