बॅटरी बदलली आणि गाडीतला नकाशा गायब? सर्व्हिसिंगआधी एवढं लक्षात ठेवा!

गाडी सर्व्हिसिंगहून घरी येते. ऑइल बदललेलं, बॅटरी नवीकोरी, गाडी चकाचक. पण स्क्रीन लावली तर नकाशाऐवजी कोड मागणारी चौकट दिसते! बिघाड काहीच नसतो. वीज तुटली की काही गाड्यांमधल्या सिस्टीमला वाटतं आपली चोरी झाली, आणि ती स्वतःला कुलूप लावून घेते. हा कोड बहुतेक वेळा मॅन्युअलच्या पाकिटातल्या छोट्या कार्डवर असतो. अंदाजाने आकडे दाबत बसू नका, कारण काही चुकांनंतर सिस्टीम बराच वेळ अडून बसते. बॅटरी बदलण्याआधीच कार्ड शोधून ठेवा. सेकंडहँड गाडी घेताना तर ते मागूनच घ्या.

चावी काढल्यावरही सिस्टीम थोडा वेळ जागी असते, माहिती साठवत असते. त्यामुळे पाच-दहा मिनिटं थांबून मगच बॅटरीला हात लावावा. काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल, जोडताना तेच सगळ्यात शेवटी.

खरा धोका असतो तो अपडेट करताना. अपडेट म्हणजे फक्त नवे रस्ते नव्हेत. अनेकदा त्यासोबत सिस्टीमचं सॉफ्टवेअरही बदलतं, आणि ते अर्धवट असताना वीज गेली तर स्क्रीन कायमची काळी होऊ शकते. मग अख्खं युनिट बदलायचा खर्च! इंजिन बंद ठेवून तासभर स्क्रीन चालवली तर जुनी बॅटरी मध्येच मान टाकते. म्हणून वर्कशॉपमध्ये अशा वेळी बॅटरीला बाहेरून वीज जोडतात. घरी करायचं आणि मॅन्युअलमध्ये इंजिन चालू ठेवायला सांगितलं असेल, तर गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड कोंडून घेणं. त्याला वासही नसतो आणि त्याने जीव जातो.

नकाशा एसडी कार्डवर असेल तर ते कॉम्प्युटरला लावून फॉरमॅट करू नका. काही कंपन्यांची कार्डं त्या एकाच गाडीशी बांधलेली असतात, दुसऱ्या कार्डवर कॉपी केलेला नकाशा चालत नाही.

आणि डॅशबोर्ड उघडणं? ते घरी नकोच. स्क्रीनच्या आसपास एअरबॅगची वायरिंग असू शकते, तिचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. चुकीच्या ठिकाणी वायर कापून कॅमेरा जोडला तर वॉरंटीचा प्रश्नही उभा राहतो. असं काही काम करून आणल्यानंतर नकाशावरची गाडी जागची हलेना, तर पहिला संशय मागे सैल राहिलेल्या जीपीएस अँटेनाच्या वायरवर घ्यावा. दुसरा, काचेवर नव्याने लावलेल्या फिल्मवर. तिच्यात धातूचा थर असेल तर सिग्नल अडतो.

पण लगेच तक्रार करायलाही जाऊ नका. वीज तुटल्यावर सिस्टीमला उपग्रहांची माहिती नव्याने घ्यावी लागू शकते, आणि जीपीएसचं संपूर्ण वेळापत्रक उपग्रहाकडून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. गाडी मोकळ्या आकाशाखाली थोडी फिरवून बघा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या बोगद्यात सिग्नल नसतानाही अनेक गाड्यांमधला बाण पुढे सरकतो, तो चाकांचा वेग आणि वळणं मोजणाऱ्या सेन्सरच्या जोरावर. टायरचा आकार बदलला असेल तर हा हिशोबही काही काळ चुकू शकतो.

एक गोष्ट मात्र गाडी हातातून सोडण्याआधीच करायची. नकाशात 'होम' दाबलं की तुमच्या दारापर्यंतचा रस्ता कुणालाही दिसतो, आणि गाडीशी जोडलेल्या फोनचे नंबरही तिथेच साठलेले असतात. सर्व्हिसिंगला देताना घराचा पत्ता आणि जोडलेले फोन काढून टाका. गाडी विकताना फॅक्टरी रीसेट करा, आणि रीसेटनंतर तो कोड पुन्हा लागू शकतो, तेव्हा कार्ड जवळच ठेवा.