घरातली वीज (भाग 7): जुनी ट्यूब उतरवताना

मागच्या आठवड्यात आपण वीजबिलाचे आकडे वाचायला शिकलो. आज त्या बिलात वर्षानुवर्षं मुकाट भर घालणाऱ्या चार फुटी ट्यूबलाइटकडे वळू.

आपल्या छत्तीसगडमधल्या भिलाईत ही ट्यूब घराघरांत होती. ही टाउनशिप पोलाद कारखान्याबरोबर वसली. कारखान्यासाठी सोविएत संघाशी करार झाला 1955 मध्ये आणि पहिली झोतभट्टी पेटली फेब्रुवारी 1959 मध्ये. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर असा इथला पत्ता. विदर्भातून नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांनीही याच क्वार्टरांमध्ये संसार केले. बटण दाबलं की स्टार्टर टिकटिकायचा, ट्यूब दोन-तीनदा उघडझाप करायची आणि मग चोकच्या बारीक गुणगुणीसह खोली उजळायची. अजूनही कित्येक घरांत ही पट्टी तशीच आहे, टोकाला काळी पडलेली ट्यूब घेऊन.

ती आता उतरवावी लागणार, यामागे पाऱ्याविषयीचा मिनामाता करार आहे. जपानमधल्या मिनामाता उपसागरात एका रसायन कारखान्यानं पारामिश्रित सांडपाणी सोडलं. ते विष माशांत आणि माशांतून माणसांत गेलं. हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला 1956 मध्ये. त्या गावाचं नाव घेतलेला करार 2017 पासून लागू आहे आणि भारतानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. 2022 च्या बाली बैठकीत 30 वॅटपर्यंतच्या, चोक आतच असलेल्या घरगुती सीएफएलसाठी 2025 ची मुदत ठरली. 2023 च्या जिनिव्हा बैठकीनं सरळ ट्यूबसाठी 2027 ही शेवटची मुदत घातली. बंदी आहे ती निर्मितीवर, आयातीवर आणि निर्यातीवर. तुमच्या घरात लागलेली ट्यूब बेकायदा ठरत नाही. पण माल बनणंच थांबलं की बदली ट्यूब मिळणं हळूहळू अवघड होणार.

ट्यूबमध्ये पारा लागतोच. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अतिनील किरणं निघतात, आणि काचेच्या आतली पांढरी पूड ती शोषून आपल्याला दिसणारा प्रकाश देते. एलईडीत अर्धवाहकाचा कण थेट प्रकाश देतो, तिथे पाऱ्याचं कामच नाही.

आता हिशोब. 36 वॅटची ट्यूब आणि जुना तांब्याचा चोक मिळून साधारण 50 वॅट खातात. 20 वॅटची एलईडी पट्टी लावली तर 30 वॅट वाचले. रोज 6 तास धरले तर एका पट्टीमागे वर्षाला सुमारे 65 युनिट. कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो, म्हणजे एका पट्टीमागे 40 ते 50 किलो कोळसा जळायचा वाचला. छत्तीसगडसारख्या कोळशाच्या राज्यात हा आकडा मला बिलातल्या रुपयांहून मोठा वाटतो, कारण कोळसा जळतो तेव्हा त्यातला पाराही हवेत जातो.

किमतीची अडचणही राहिलेली नाही. उजाला योजनेत सरकारी कंपनीनं घाऊक खरेदी केली, तेव्हा एलईडी बल्बचा खरेदीभाव 2014 च्या 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला.

खरी काळजी बसवताना घ्यायची. मिस्त्री विचारतो, "चोक हटाके डायरेक्ट कर दूँ?" या प्रश्नाला घाईनं हो म्हणू नका. काही एलईडी ट्यूब जुन्या चोकवर चालतात आणि सोबत दिलेला खास स्टार्टर मागतात. काहींना चोक-स्टार्टर काढून थेट वीज द्यावी लागते, त्यातही कुठे दोन्ही तारा एकाच टोकाला, तर कुठे फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या. उद्या कुणी त्याच पट्टीत वेगळ्या जातीची ट्यूब खोचली तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. माझं मत स्पष्ट आहे: जुनी पट्टी अख्खी उतरवा आणि एकसंध एलईडी बॅटन लावा. काम मेन स्विच बंद करूनच करा. बटण बंद असतानाही रात्री दिवा मंद तेवत राहिला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. तसं असेल तर ती जोडणी धोक्याची आहे.

विकत घेताना खोक्यावर वॅटच्या शेजारी ल्यूमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. एलईडीचा उजेड मुख्यतः खाली पडतो, त्यामुळे उंच छताच्या खोलीत वरच्या भिंती अंधारलेल्या वाटतात. तिथे एका प्रखर पट्टीऐवजी दोन बाजूंना दोन छोट्या लावा. बल्ब घ्यायचा असेल तर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आणि 2018 पासून सक्तीचं झालेलं स्टार लेबल बघा. एलईडी बहुधा आतल्या ड्रायव्हरपायी, म्हणजे तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटपायी जाते, आणि ड्रायव्हरचा शत्रू उष्णता. भिलाईच्या मे महिन्यात बंद काचेच्या गोळ्यात कोंडलेला बल्ब लवकर मरतो.

उरते ती उतरवलेली ट्यूब, आणि इथेच बहुतेक घरं चुकतात. ती कचऱ्याच्या गाडीत फेकली की वाटेत फुटते, आणि पारा सर्वांत आधी कचरा उचलणाऱ्याच्या श्वासात जातो. 2016 च्या घनकचरा नियमांनी सीएफएल आणि ट्यूबला घरगुती घातक कचरा ठरवून वेगळं ठेवायला सांगितलं, तर 2022 च्या ई-कचरा नियमांनी पारायुक्त दिव्यांची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली. घरात ट्यूब फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. जाड कागदानं तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचला आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा.

न फुटलेल्या ट्यूब नव्या बॅटनच्याच खोक्यात आडव्या ठेवा आणि पालिकेच्या किंवा टाउनशिपच्या सफाई विभागाकडे वेगळ्या जमा करण्याची सोय मागा. एका घरानं विचारलं तर उत्तर टाळता येतं, म्हणून आपल्या स्ट्रीटवरच्या सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या.