भिंतीतून निघालेली तलवार

१८७८ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात दोन कायदे केले. एकाने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. दुसऱ्याने जमिनीत किंवा जमिनीवरच्या बांधकामात दडलेली मौल्यवान वस्तू सापडली, तर ती कलेक्टरला कळवणे सक्तीचे केले. १८५७ च्या उठावानंतर हत्यारे काढून घेण्याची मोहीम आधीच सुरू झाली होती. वाडवडिलांची तलवार सरकारजमा करायला मन धजेना, तेव्हा कित्येक घरांनी ती भिंतीतल्या बळदात, माळवदाखाली किंवा धान्याच्या पेवात लपवली. ठेवणारे गेले, जागा विस्मरणात गेली. आता जुने वाडे पाडले जातात किंवा दुरुस्तीला काढले जातात, तेव्हा त्या तलवारी पुन्हा उजेडात येतात आणि तिथे दुसऱ्या कायद्याचा संबंध येतो. निखात निधी अधिनियम या नावाने तो आजही आहे.

अशी तलवार हाती आली की घरात एक नाव हमखास निघते: पानिपतावर गेलेल्या पूर्वजाचे, नाहीतर थेट छत्रपतींच्या सरदाराचे. ते खरे असूही शकेल. पण ते नाव तलवारीवर लिहिलेले नसेल, तर पुरावा लोखंडातूनच वाचावा लागतो. त्यासाठी मूठ आणि पाते यांची चौकशी वेगवेगळी करायची, कारण दोघांचे जन्मगाव एकच असेल असे मुळीच नाही.

मराठ्यांची फिरंग हे त्याचे उत्तम उदाहरण. लांब, सरळ पाते जर्मनीतल्या झोलिंगनसारख्या गावात घडायचे, पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरायचे आणि इथले कारागीर त्याला देशी मूठ बसवायचे. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली शिवाजी महाराजांची म्हणून प्रसिद्ध तलवार याच जातीची. तिच्या पात्यावर येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरे ठोकलेली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सोडवून आणलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवारही तशीच आहे. पाते युरोपीय बनावटीचे, मुठीवर सोन्याचे काम आणि पाठीवर देवनागरीत रघुजींचे नाव व ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब. तेव्हा पात्यावर परकी अक्षरे दिसली म्हणून तलवार मराठ्यांची नव्हे असे म्हणणे घाईचे ठरेल.

उलटी घाईही तितकीच घातक. धावत्या लांडग्याची खूण, जिनोआची म्हणून ओळखली जाणारी दातेरी चंद्रकोरींची जोडी, ‘आंद्रेया फेरारा’ हे नाव या खुणांना बाजारात इतका मान होता, की झोलिंगनच्या कारागिरांनी त्या उचलल्या आणि इथल्या लोहारांनीही त्यांची नक्कल केली. म्हणून जाणकार नुसत्या शिक्क्यावर विसंबत नाहीत. पाते मुठीत कसे बसवले आहे, हे ते पाहतात. देशी पद्धतीत पात्याची शेपटी पोकळ मुठीत सरकवून लाखेने पक्की करत. युरोपीय पद्धतीत ती शेपटी मुठीच्या आरपार नेऊन टोकाला ठोकून चपटी करत. मुठीचे टोक नीट न्याहाळले तर हा फरक घरातही कळतो.

दोन्ही जगांची गाठ पडल्याची सर्वांत विलक्षण हकीगत लुई नोलान या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. पुढे १८५४ मध्ये बालाक्लावाच्या प्रसिद्ध घोडदौडीत मारला गेला, तोच हा नोलान. घोडदळावरच्या त्याच्या १८५३ च्या पुस्तकात निजामाच्या स्वारांनी एका चकमकीत केलेल्या भयंकर जखमांचे वर्णन आहे. अशी कोणती तलवार हे लोक वापरतात, याचा त्याने शोध घेतला. ती इंग्रज घोडदळाने मोडीत काढलेलीच पाती निघाली! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रजांच्या लोखंडी म्यानात मात्र काढता-घालताना तीच धार बोथट होई. निजामाच्या या फौजेच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. त्यामुळे मराठवाड्यातल्या एखाद्या घरात देशी मुठीची, पण टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या बाकदार पात्याची तलवार निघाली, तर तिची पाठ जरूर तपासावी. इंग्रज फौजेच्या १७९६ च्या नमुन्यातल्या पात्यांच्या पाठीवर अनेकदा बर्मिंगहॅमच्या गिल किंवा ऑसबॉर्न यांचे नाव सापडते.

त्यानंतरच्या इंग्रजी तलवारी ओळखणे सोपे. राणी व्हिक्टोरियाची ‘व्हीआर’ किंवा नंतरच्या राजांची अक्षरे काळ सांगतात. लंडनच्या विल्किन्सन कंपनीने १८५० च्या दशकापासून अधिकाऱ्यांच्या पात्यांच्या पाठीवर क्रमांक घातले आणि तिच्या टिकलेल्या नोंदवह्यांतून त्या क्रमांकाचे वर्ष काढता येते. पितळी मुठीची, चकचकीत मुलामा दिलेली, धार नसलेली हलकी तलवार निघाली तर ती बहुधा विसाव्या शतकात शोभेसाठी बनलेली असते.

या सगळ्या खुणा टिकायच्या तर मात्र तलवार कुणी घासता कामा नये. आणि नेमके तेच पहिल्या तासाभरात होते. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, कुणी तर गॅरेजमध्ये नेऊन यंत्रावर धरतात. पोलादातला पाण्याच्या लाटांसारखा जौहर, सोन्याच्या तारेचे काम, शिलेखान्याने, म्हणजे शस्त्रागाराने, बारीक ठिपक्यांत टोचलेली नोंद गंजाबरोबर निघून जाते आणि ती कोणत्याही संग्रहालयाला परत आणता येत नाही. खंडेनवमीच्या पूजेत पिढ्यान्‌पिढ्या बसलेले हळद-कुंकू आणि तेलाचे थरही तिच्या इतिहासाचाच भाग आहेत. तलवार जिथे निघाली तिथेच, हलवण्यापूर्वी, मोजपट्टी शेजारी ठेवून तिचे फोटो घ्यावेत. म्यानात अडकली असेल तर ओढू नये. कुजलेले म्यान धारेच्या बाजूने मुठीत आवळून धरणे तर फारच धोक्याचे, कारण पाते शिवण फाडून तळहातात शिरू शकते.

कलेक्टर कचेरीत लेखी सूचना द्यावी आणि पोलीस ठाण्यालाही कळवावे, कारण तलवार बाळगण्यावर १९५९ च्या शस्त्र कायद्याचीही नजर असते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्यामुळे खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत, हे परगावच्या दलालाचा फोन येण्याआधी माहीत असलेले बरे. फोटो घेऊन पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठले, तर तिथल्या तशाच मुठी आणि पाती फोटोशी ताडून पाहता येतात. सोबत न्यायचा कागद एकच: कोणत्या भिंतीत, किती उंचीवर, कशात गुंडाळलेली आणि आणखी कशाबरोबर सापडली, याची त्याच दिवशी केलेली नोंद.