काम सुटलं, पण कार्ड चालू आहे. आधी पाय दाखवून घ्या

आमच्या वस्तीतल्या एक मावशी कंत्राटी हाऊसकीपिंगचं काम करायच्या. मार्चअखेर ठेका बदलला आणि नव्या ठेकेदारानं जुन्या बायांना घेतलं नाही. मावशींना साखरेचा आजार. मे महिन्यात चपलेच्या पट्ट्यानं पायाच्या बोटाला फोड आला. दुखत नव्हता, म्हणून हळद लावून सोडून दिला. जुलैत ते बोट काढावं लागलं. खासगी दवाखान्याचं बिल भरायला कानातलं मोडलं. ईएसआयच्या दवाखान्यात का नाही गेलात, असं आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "काम गेलं, तिथंच कार्ड गेलं ना."

गेलं नव्हतं. ते 31 डिसेंबरपर्यंत चालू होतं.

हे आपल्या घराघरात माहीत असायला हवं, कारण सफाई, सिक्युरिटी, कारखाना, गोडाऊन अशा कामांवर आपलीच माणसं जास्त आहेत. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून ईएसआयचे 0.75 टक्के कापतात, मालक 3.25 टक्के भरतो. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरली असेल, तर नंतर काम सुटलं तरी औषधोपचार डिसेंबरअखेरपर्यंत मिळतात. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी असेल, तर पुढच्या वर्षीच्या 30 जूनपर्यंत. कार्डावर नाव असलेल्या घरच्यांनाही. ठेकेदारानं पैसे कापून भरलेच नाहीत, असंही होतं. म्हणून पगाराची पावती जपून ठेवा आणि शाखा कार्यालयात विमा क्रमांक सांगून आपली मुदत विचारून घ्या.

मुदत उरली असेल तर आधी पाय दाखवा, असं आम्ही का म्हणतो? पोट दुखलं की माणूस दवाखान्यात धावतो. साखरेचा पाय मात्र दुखतच नाही, तिथंच घात होतो. साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. आधी मुंग्या येतात, मग कापसावर चालल्यासारखं वाटतं, मग खिळा टोचलेलाही कळत नाही. रक्तपुरवठा कमी झाला असेल तर जखम भरत नाही. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवून किती कळतं ते बघतात, पायाची नाडी बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम. साखर असणाऱ्यानं ते वर्षातून एकदा तरी करून घ्यावं. डॉक्टरांनी नाही बघितलं, तर आपण होऊन मोजे काढावेत.

दिवसभर गमबुटात काम करणाऱ्यांना बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्या कातडी फाटलेल्या जागेतूनच जंतू शिरतो. पाय धुऊन बेचके कोरडे पुसा. भेगांना खोबरेल लावा, पण बेचक्यात नको. कुरूप ब्लेडनं कापू नका, कुरुपाची पट्टीही चिकटवू नका. गरम पाण्यात पाय बुडवून बसण्याची आपल्याकडे फार सवय, ती साखरेच्या माणसानं सोडावी. विहारात जाताना चपला बाहेर काढतो, तेव्हा तापलेल्या फरशीचा चटका बधिर पायाला कळत नाही. मोजे घालून जा, त्यानं आदर काही कमी होत नाही.

जखम काळी पडली, वास आला, पाय लाल होऊन सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. कामावर असणाऱ्यांनी रोज बुडेल म्हणून अंगावर काढू नये. वर्गणीचे 78 दिवस भरले असतील, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाच्या दिवसांचे सरासरी पगाराच्या 70 टक्के पैसे मिळतात, वर्षाला 91 दिवसांपर्यंत.

निवृत्त झालेल्यांची किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये गेली असतील, तर वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांनाही उपचार मिळतात. एका वडापावच्या गाडीवर चौघांचे याहून जास्त होतात.

मावशींचं कार्ड मग आम्ही दवाखान्यात चालवून घेतलं. ड्रेसिंग आणि साखरेच्या गोळ्या डिसेंबरपर्यंत तिथंच मिळाल्या. आता त्या रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळपाय बघतात. दिसत नाही तेव्हा नातीला हाक मारतात.