ठिणगी दमदार, पण वायरचे काय?

मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप घेतला. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी, अॅम्बॅसिडर आणि जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० मात्र आजही रविवारी सकाळी फेरफटका मारताना दिसतात. दर काही महिन्यांनी पॉइंट घासण्याचा आणि कंडेन्सर बदलण्याचा कंटाळा आला की, मालक बाजारात मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशन संचाकडे वळतात. संच येतो, नवी कॉइल येते. पण प्लग वायर जुन्याच राहतात, किंवा केवळ दिसायला झोकदार म्हणून जाड, लाल-पिवळ्या वायर आणल्या जातात. मग पहिल्याच पावसात इंजिन 'मिसिंग' करू लागते आणि दोष संचाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा वायरमध्ये असतो.

दाब वाढला, वेष्टन तेच

बॅटरी, पॉइंट आणि कॉइल ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नांतून १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे अनेक दशके टिकली. या पद्धतीत कॉइल साधारण २० ते २५ हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण करू शकते. इलेक्ट्रॉनिक संच आणि जादा क्षमतेची कॉइल यांच्या जोडीने हा आकडा ४० हजारांच्या पुढे जाऊ शकतो. इतका दाब सोसण्याची ताकद कडक झालेल्या, बारीक तडे गेलेल्या रबरी वेष्टनात नसते. वीज सोपी वाट शोधते. प्लगच्या फटीऐवजी ती ओलसर वेष्टनातून थेट इंजिनच्या धातूवर किंवा शेजारच्या वायरवर उडी घेते. त्या सिलिंडरमधले पेट्रोल न जळताच बाहेर पडते. ओढ कमी होते, इंधन वाया जाते आणि पीयूसी तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा चढतो.

म्हणूनच नव्या संचासोबत सिलिकॉनचे वेष्टन असलेली वायर घेणे श्रेयस्कर ठरते. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते. जुन्या वायर बहुधा ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. ८ किंवा ८.५ मिलिमीटरच्या वायरमध्ये वेष्टनाला अधिक जागा मिळते. मात्र केवळ जाडीवर भुलू नये. महत्त्व वेष्टनाच्या दर्जाला आहे.

आतली तार कोणती?

वायरच्या गाभ्याचे प्रमुख प्रकार तीन. पहिला निव्वळ तांब्याच्या तारेचा. तिचा रोध जवळपास शून्य असल्याने ती सर्वोत्तम, असा अनेकांचा समज असतो. पण प्रत्येक ठिणगीबरोबर अशी तार विद्युतचुंबकीय लहरी फेकते. पॉइंटच्या काळात त्यामुळे फार तर रेडिओ खरखरत असे. इलेक्ट्रॉनिक संचातील संवेदक आणि मॉड्युल मात्र या लहरींनी गोंधळू शकतात व ठिणगी चुकीच्या वेळी पडू शकते.

दुसरा प्रकार कार्बन गाभ्याचा. त्याचा रोध मीटरला काही हजार ते वीस हजार ओहमच्या घरात असतो. तो लहरींना आवर घालतो आणि स्वस्तही पडतो. पण वारंवार वाकवल्याने व उष्णतेने गाभा तुटतो. तिसरा प्रकार सर्पिल गुंडाळलेल्या बारीक तारेचा. रोध मीटरला काहीशे ते काही हजार ओहम, लहरींवर नियंत्रण आणि आयुष्यही अधिक. बहुतेक इलेक्ट्रॉनिक संचांसाठी हाच पर्याय योग्य ठरतो.

रोधामुळे ठिणगी दुबळी होते, ही भीती अतिरंजित आहे. फटीत ठिणगी पडेपर्यंत वायरमधून जवळपास विद्युतधारा वाहतच नाही. त्यामुळे प्लगपर्यंत पोहोचणारा दाब रोधाने फारसा घटत नाही. उलट, महागडी वायर इंजिनची शक्ती वाढवते, हाही भ्रमच. सुस्थितीतील वायर बदलून अश्वशक्ती वाढत नाही.

बसवताना

खरेदीपूर्वी संचाचे माहितीपत्रक वाचावे. कोणत्या वायर आणि कोणते प्लग चालतात, हे त्यात दिलेले असते. डिस्ट्रिब्युटरची टोपीही पाहावी. काही जुन्या टोप्यांत टोकदार स्क्रू वायरच्या गाभ्यात घुसवून जोड घेतला जातो. तिथे कार्बन गाभा नीट जोडला जात नाही. अशा वेळी टोपी बदलणे किंवा, संचाला चालत असल्यास, तांब्याच्या वायरसोबत अंतर्गत रोध असलेला प्लग वापरणे हा मार्ग उरतो.

इंजिन थंड असताना एका वेळी एकच वायर बदलावी, म्हणजे ठिणगीच्या क्रमाचा घोळ होत नाही. वायर काढताना ती न ओढता टोकाचे रबरी टोपण धरावे. वायर एक्झॉस्टपासून दूर ठेवाव्यात; त्या एकमेकींना चिकटून समांतर जाऊ देऊ नयेत.

जुन्या वायर टाकून देण्याजोग्या आहेत का, हे पाहण्याची सोपी रीत मेकॅनिकना ठाऊक असते. अंधारात, मोकळ्या हवेत बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचे. वायरवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर त्या बदलायची वेळ आली आहे. मात्र हात लांबच ठेवावा आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने जवळही जाऊ नये. गाभ्याची तपासणी मल्टिमीटरने होते. एखाद्या वायरचा रोध इतरांपेक्षा अवास्तव अधिक आला, तर ती आतून तुटली आहे असे समजावे. ही दोन्ही कामे पावसाळ्यापूर्वी उरकलेली बरी.